हत्याराची मूठ : सुतारकीच्या हत्यारांविषयीच्या लेखनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात कादंबरीतील व्यक्तिचित्रण हा घटक शिकवीत असताना ‘ह्या व्यक्तिरेखेला अनेक कंगोरे आहेत’ असे वाक्य मी उच्चारले आणि मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने ‘कंगोरा म्हणजे नेमके काय?’ असे विचारले. ‘पैलू’ असे उत्तर देऊन मी पुढे गेले. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु एका रूपकाचा अर्थ दुसऱ्या रूपकाने सांगण्यापलीकडे त्यात काही नव्हते. पुढे काही दिवसांनी प्राध्यापक कक्षाच्या दाराची चौकट दुरुस्त करण्यासाठी एक वयस्क सुतारकाका आले. जुन्या चौकटीच्या कडेवरील लांबच लांब उंचवटे आणि खाचा बोटाने दाखवीत ते सहज म्हणाले, ‘मॅडम, हे कंगोरे आता मशीनवर निघतात. पूर्वी ह्याचा रंधाच वेगळा असायचा.’ समीक्षेत दहा वर्षे वापरलेला शब्द मी त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिला.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच आहे. सुताराच्या हातातील पारंपरिक हत्यारे, म्हणजे वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता, गुण्या यांविषयी आपण, म्हणजे मराठीचे व समाजशास्त्रांचे अध्यापक, काय लिहीत आलो आणि काय लिहिण्याचे टाळीत आलो, याची चिकित्सा करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. सुतारावर लिहिले गेलेले नाही, असे नाही. त्याच्या धान्याच्या वाट्याचा हिशेब झाला, त्याच्या नक्षीचे कौतुक झाले, त्याचे शब्दही समीक्षेने उचलले. मात्र त्याचे हत्यार हे वाचावयाचे साधन आहे, त्यात ज्ञान साठविलेले आहे, ही दृष्टी या लेखनात अभावानेच आढळते. ह्या आरोपातून मी स्वतःला वगळू शकत नाही. ग्रामीण कथेतील बलुतेदार हा माझ्या एम. फिल.च्या लघुप्रबंधाचा विषय होता. त्यात ‘सुतार’ हा शब्द पानोपानी येतो. ‘वाकस’ हा शब्द एकदाही येत नाही. आणि माझ्या आजोबांचा, आईच्या वडिलांचा, वाकस त्या काळी आमच्याच घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता.

उसने घेतलेले शब्द

मराठी समीक्षेची परिभाषा तपासली तर तिच्यात सुताराच्या आवारातील शब्द किती आहेत, हे पाहून आश्चर्य वाटते. कथेची घडण, नाटकाची बांधणी, कादंबरीची चौकट, प्रसंगांचे सांधे, ताशीव वाक्य, कोरीव प्रतिमा, घोटीव शैली. यांतील काही शब्द पाथरवट व गवंडी यांच्याशी वाटून घ्यावे लागतात, हे मान्य. पण ‘तासणे’ म्हणजे पात्याच्या घावाने ढलपी काढणे आणि ‘सांधा’ म्हणजे दोन लाकडे एकमेकांत बसविणे, ही कृती शब्दांच्या मुळाशी आहे. ज्याला आपण ‘ताशीव’ म्हणतो ते वाक्य प्रत्यक्षात गुळगुळीत असते. वाकसाने तासलेली फळी गुळगुळीत नसते. तिच्यावर घावांच्या उथळ खळग्यांची ओळ स्पष्ट दिसते आणि तो गुळगुळीतपणा नंतर रंधा देतो. रूपक वापरणाऱ्याने तासणे आणि रंधणे यांतील अंतर कधी पाहिलेच नसावे.

खुद्द ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ ह्या संस्कृत शब्दापासून आला. सूत धरणारा तो सूत्रधार. गेरूत बुडविलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये उचलून सोडली की लाकडावर सरळ रेघ उमटते. ह्या सुताशिवाय करवत चालत नाही. इंचाच्या आठव्या भागालाही सुतार ‘सूत’च म्हणतो. मध्ययुगीन वास्तुकारांच्या नावामागे ‘सूत्रधार’ ही उपाधी आढळते. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेला सूत्रधार मंडन हे त्याचे ठळक उदाहरण. नाट्यशास्त्रातील सूत्रधाराची व्युत्पत्ती सांगताना कळसूत्री बाहुल्यांची दोरी आपण आवर्जून सांगतो, सुताराची दोरी सांगत नाही. विष्णुदास भावे यांच्या 1843 च्या ‘सीतास्वयंवर’पासून मराठी रंगभूमीचा इतिहास आपण सुरू करतो. त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या, ही गोष्ट बहुधा तळटीपेत जाते.

हत्यारांच्या नावांचीही अशीच कथा आहे. ‘करवत’ संस्कृत ‘करपत्रा’पासून आली, ‘रंधा’ फार्सी ‘रंदा’पासून, आणि काटकोन तपासण्याचा ‘गुण्या’ हा फार्सी ‘गुनिया’, त्याच्याही मागे ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोन. सुताराच्या एका पेटीत तीन-चार संस्कृती शेजारी शेजारी पडलेल्या असतात. भाषासंपर्काचे उदाहरण म्हणून आपण दरबारी व कायद्याचे फार्सी शब्द देतो. रंधा आणि गुण्या हे शब्द फर्मानातून आले नाहीत. ते कामावर, एका हातातून दुसऱ्या हातात जात आले असावेत. ह्या वाटेचा अभ्यास भाषाविज्ञानाच्या वर्गात अधिक फलदायी ठरेल, असे मला वाटते.

‘गावगाडा’ : गाडा आणि तो घडविणारा

सुतारावरील मराठी लेखनाची चर्चा त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’पासून (1915) करणे अपरिहार्य आहे. महसूल खात्यातील नोकरीमुळे आत्र्यांनी गाव आतून पाहिला होता, आणि त्यांच्या ग्रंथाइतके नेमके, निर्भीड व भावुकतेपासून दूर असलेले समाजचित्रण मराठीत फार थोडे आहे. गावाचे वतनदार, बारा बलुते, अलुते, फिरस्ते यांचे हक्क आणि त्यांची कामे यांचा जमाखर्च त्यांनी मांडला. त्या जमाखर्चात सुतार पहिल्या ओळीचा बलुतेदार आहे. नांगर, कुळव, पाभर ही औते नवी करावयाची, जुनी दुरुस्त करावयाची. लाकूड शेतकऱ्याचे, कसब सुताराचे. आणि सुगीत खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा. आत्र्यांचा मुख्य आक्षेप असा की, वाटा वंशपरंपरेने ठरलेला असल्यामुळे काम चांगले करण्याचे कारणच उरत नाही. वतनाच्या आधाराने कारागीर निर्धास्त होतो आणि भार अखेर कुणब्यावर पडतो.

हा आक्षेप पोकळ नाही. बलुतेदारीला ‘स्वयंपूर्ण खेड्याचे काव्य’ मानणाऱ्यांना आत्र्यांनी दिलेले ते खणखणीत उत्तर आहे. परंतु ग्रंथाचे रूपक आणि त्याची दृष्टी यांत एक विसंगती आहे, ती आजवर पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. ग्रंथाचे नाव गाडा आहे. गाड्यावर ओझे किती, तो ओढतो कोण, बसून कोण खातो, हे सर्व प्रश्न आत्रे विचारतात. गाडा घडतो कसा, हा प्रश्न त्या रूपकात बसत नाही. कामाच्या गुणवत्तेचा निवाडा करावयाचा असेल तर कामाचे निकष माहीत असावे लागतात. आणि ते निकष खळ्यावरच्या मापात सापडत नाहीत, चाकात सापडतात.

चाकाचेच उदाहरण घेऊ. मधला तुंबा, त्यातून बाहेर जाणारे आरे, आणि आऱ्यांवर बसविलेले परिघाचे वाकडे तुकडे. तुंब्याला बाभळीसारखे चिवट लाकूड लागते, कारण सर्व बाजूंनी भोके पाडूनही ते फुटता कामा नये. प्रत्येक आऱ्याच्या टोकाचे कुसू तुंब्याच्या भोकात इतके घट्ट बसावे लागते की ठोकल्याशिवाय ते आत जाऊ नये, आणि इतके सैल की तुंबा उलू नये. हे भोक किकऱ्याने पाडले जाते, मापापेक्षा हाताला लागणाऱ्या विरोधावरून. मग लोहार लोखंडी धाव तापवून चढवितो, पाणी ओततो, धाव आक्रसते आणि सुताराने केलेले सगळे सांधे आवळले जातात. सुताराची चूक लोहाराला झाकता येत नाही आणि लोहाराची सुताराला. वतनाची हमी कितीही असो, सैल आऱ्याचे चाक चार कोस गेले की बोलू लागते, आणि ते सगळ्या गावाला ऐकू येते. कसबावर अंकुश ठेवणारी ही एक व्यवस्था बलुत्याच्या हिशेबाबाहेर काम करीत होती. आत्र्यांच्या जमाखर्चात तिच्यासाठी रकाना नाही. ह्यामुळे त्यांचा निष्कर्ष सर्वस्वी चुकतो असे म्हणता येणार नाही, पण तो अपुरा राहतो.

यात एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978) आल्यानंतर बलुते हा शब्द हिशेबाचा राहिला नाही. तो अपमानाचा झाला. त्या व्यवस्थेत सर्व हत्यारांना सारखा मान नव्हता. खंडेनवमीला सुताराच्या वाकसाला हळदकुंकू लागत असे आणि त्याची कुणालाही शिवाशिव होत नसे. चांभाराच्या रापीच्या वाट्याला ही सर्वमान्यता आली नाही, जरी धारेचे शास्त्र दोन्हींत एकच होते. सुतारांनी स्वतःला विश्वकर्म्याचे वंशज मानले व त्यावर प्रतिष्ठा सांगितली. हत्यारांविषयी आदराने बोलताना हा असमान आदर आपण पुन्हा उगाळीत तर नाही ना, याचे भान प्रस्तुत लेखिकेलाही ठेवावे लागते.

कौतुकाची दृष्टी

दुसऱ्या टोकाला जॉर्ज बर्डवूड आणि आनंद कुमारस्वामी आहेत. बर्डवूड यांचा जन्म 1832 चा, बेळगावचा. मुंबईत त्यांनी दीर्घकाळ काम केले. ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ (1880) ह्या ग्रंथात त्यांनी गावाच्या वेशीपाशी चाकावर बसलेल्या कुंभारापासून हिंदी खेड्याचे जे चित्र रेखाटले ते पुढे अनेकांनी उद्धृत केले. कुमारस्वामींच्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ (1909) मध्ये, ज्याला इंग्लंडमधील कारागिरी चळवळीतील सी. आर. अ‍ॅशबी यांची प्रस्तावना आहे, तेच चित्र तत्त्वज्ञानाच्या पातळीवर जाते. कारागिरी हा धर्म, परंपरा ही दीक्षा, कारखान्याच्या यंत्राला विरोध हे त्याचे तात्पर्य.

ह्या लेखनाचे ऋण मोठे आहे; वसाहतीच्या काळात कारागिराला अज्ञ मजूर मानणाऱ्यांना त्याने उत्तर दिले. मात्र आत्रे आणि कुमारस्वामी हे परस्परविरोधी दिसत असले तरी एका बाबतीत शेजारी आहेत. एकाला कारागीर हा व्यवस्थेवरील भार वाटतो, दुसऱ्याला तो व्यवस्थेचा आत्मा वाटतो. दोघांच्याही दृष्टीने तो व्यवस्थेचा घटक आहे. एका विशिष्ट दुपारी, एका विशिष्ट उलट्या रेषेच्या फळीशी झगडणारा माणूस नाही. फळी ही ज्याची त्याला वेगळी असते. तेथे परंपरा फारशी उपयोगी पडत नाही, निर्णय लागतो.

रंधा, वाकस आणि मूठ

हा निर्णय कसा घेतला जातो, हे रंध्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. जुना रंधा म्हणजे कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात सुमारे 45 अंशांच्या तिरक्या खोबणीत बसविलेले पोलादी पाते, आणि पात्याला आवळून धरणारी लाकडाचीच पाचर. स्क्रू नाही, माप दाखविणारी खूण नाही. पाते किंचित पुढे हवे असेल तर त्याच्या माथ्यावर हलकी टिचकी. मागे हवे असेल तर ठोकळ्याच्या पाठीवर हातोडीचा बेताचा ठोका, की पाचर सैल होते आणि पाते मागे सरकते. रंधा उलटा करून, डोळा तळाशी नेऊन, उजेडाकडे धरून पात्याची किती कड बाहेर आली ते पाहावयाचे. ती कड केसाएवढी असते. पहिला छिलका निघाला की त्याच्या जाडीवरून आणि आवाजावरून पुन्हा एक टिचकी.

आता लाकडाकडे वळू. लाकडाला रेषा असते. रेषेच्या दिशेने रंधा गेला तर पाते तंतू कापते; उलट गेला तर ते तंतू उचकटते आणि पृष्ठभाग फुटतो. पण एकाच फळीत गाठीच्या अलीकडे रेषा एका दिशेला आणि पलीकडे दुसऱ्या दिशेला वळलेली असू शकते. मग सुतार फळी फिरवितो, पाते मागे घेतो, किंवा रंधा तिरका धरून चालवितो. साग दिसावयास सालस. पण त्यात सिलिका असल्याने तो पात्याची धार लवकर खातो. म्हणून सागावर काम करणाऱ्याचा बराचसा दिवस निसण्यापाशी जातो. धार लावणे हे कामाच्या मधला खंड नसून कामाचाच भाग आहे. विद्यार्थ्याला वही दुरुस्त करावयास लावणे हे अध्यापनाबाहेरचे काम आहे, असे आपण कोठे मानतो?

रंध्याचे शरीरही स्थिर नसते. घासून घासून त्याचा तळ झिजतो, पाते बाहेर येण्याची फट रुंदावते आणि फट रुंदावली की लाकूड अधिक फुटते. जाणता सुतार तेथे कठीण लाकडाची चिप्पी बसवून फट पुन्हा अरुंद करतो. जुन्या रंध्यावरील अशी चिप्पी ही दुरुस्ती आहेच, पण ते एक विधानही आहे: ह्या माणसाला फट आणि फुटणे यांतील कार्यकारणभाव माहीत होता. लिहिता न येणाऱ्या माणसाने केलेली ही नोंद आहे आणि ती वाचता येते.

बसण्याची ढबही हत्याराचाच भाग मानावी लागेल. आपल्याकडील सुतार पूर्वापार जमिनीवर बसून काम करीत आला. लाकूड पायाच्या तळव्याने आणि अंगठ्याने धरून. पाश्चात्त्य सुतार उंच बाकापाशी उभा राहतो, व्हाइसमध्ये लाकूड आवळतो आणि करवत ढकलतो. जपानी सुतार करवत स्वतःकडे ओढतो. ओढताना पाते ताणले जात असल्याने ते पातळ ठेवता येते आणि काप बारीक पडतो. हे भेद रूढीचे म्हणून सांगितले जातात. खरे तर शरीर, हत्यार आणि लाकूड यांच्यातील तीन वेगवेगळे करार आहेत. ‘बैठे काम मागासलेले, उभे काम प्रगत’ ही समजूत वसाहतकालीन तांत्रिक शिक्षणाने आपल्याला दिली आणि आपण ती तपासली नाही.

वाकसाची रचना रंध्याहून साधी दिसते. पात्याची धार दांड्याला आडवी, घाव स्वतःच्या दिशेने, पात्याच्या दुसऱ्या बाजूस ठोकण्यासाठी बोथट डोके. पायाच्या बोटांपासून दोन-चार बोटांच्या अंतरावर घाव पडतो. नवशिक्याला ते पाहणेही कठीण जाते. पण लक्ष पात्याकडे जाते आणि मूठ दुर्लक्षित राहते, आणि मला विशेष सांगावयाचे आहे ते मुठीविषयीच.

पाली वाङ्मयातील संयुत्तनिकायात ‘वासिजट’ हा वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त आहे. सुताराला आपल्या वाकसाच्या दांड्यावर बोटांच्या व अंगठ्याच्या खुणा दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण झिजल्यावर झिजला हे कळते. साधना करणाऱ्या भिक्षूचे मनोमल असेच झिजत जातात, असा बुद्धाचा आशय. दृष्टान्ताचा धार्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी त्यातील निरीक्षण थक्क करणारे आहे. दृष्टान्त देणाऱ्याने हत्यार जवळून, बहुधा हातात घेऊन, पाहिले आहे. याउलट आपल्या तोंडी असलेली म्हण घ्या: ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.’ लाकडाचाच दांडा लाकडाचा नाश करतो, म्हणजे दांडा फितूर. म्हण चटकदार आहे आणि राजकीय भाषणांत उपयोगीही पडते. पण तिला दांड्याची नीती दिसते, दांडा दिसत नाही. मराठी समीक्षेने हत्यारांकडे पाहताना म्हणीचा मार्ग धरला, वासिजटाचा धरला नाही.

पुण्याचे उदाहरण

ह्या उपेक्षेला पुण्यात एक नेमका पत्ता आहे. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधलेला विश्रामबागवाडा त्याच्या लाकडी सज्जासाठी, सुरूच्या आकाराच्या खांबांसाठी आणि केळफुलाच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. पेशवाई संपल्यावर ह्याच वाड्यात 1821 मध्ये दक्षिणेच्या निधीतून संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीच परंपरा पुढे डेक्कन कॉलेजकडे गेली. न्याय, व्याकरण, अलंकार यांचे पाठ ज्या खांबांखाली चालत त्या खांबांवर वाकसाने, पटाशीने आणि गोल पटाशीने केलेले काम तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे होते. ते काम करणारे हात तेव्हा शहरातच असण्याचा संभव आहे. अलंकार शिकणाऱ्यांच्या डोक्यावर अलंकार होते. परंतु विद्या कोणती आणि कसब कोणते, ह्याची सीमारेषा त्या इमारतीतच आखली गेली, आणि आपली महाविद्यालये आजही तिच्या एकाच बाजूला उभी आहेत. पाठशाळेचे प्रमुख राहिलेले थॉमस कँडी हे मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या (1831, दुसरी आवृत्ती 1857) कामातील सहकारी. त्या कोशात मात्र सुताराच्या आवारातील शब्दांना जागा मिळाली. अभ्यासक्रमाने जे दाराबाहेर ठेवले ते कोशाने मागच्या दाराने आत घेतले, असे म्हणता येईल.

दुसरे उदाहरण शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे गोळा करून घरगुती वस्तूंना वारशाचा दर्जा दिला. विद्यापीठे ग्रंथांकडे पाहत होती तेव्हा एक कवी अडकित्त्याकडे पाहत होता, हे मोठेच काम आहे. तरीही तेथे विद्यार्थ्यांना घेऊन गेल्यावर माझा अनुभव असा की, कोरीव दरवाजापाशी सगळे थांबतात आणि ‘केवढी नक्षी!’ म्हणतात, ‘ही खोल रेघ कोणत्या रुंदीच्या पटाशीने काढली असेल?’ असे कोणी विचारीत नाही. तसे विचारावयास आपणच शिकविलेले नाही. नटलेल्या वस्तूकडे पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय आहे. काळपट दांड्याचे, झिजलेले, बिननक्षीचे हत्यार आपल्याला भंगार वाटते.

स्मरणरंजनाचा धोका

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो टाळता येणार नाही. टायरगाडी आली, नांगर लोखंडी झाला, प्लायवूड आले, विजेचा रंधा आला. सुतारांची मुले शाळेत, कारखान्यात, कार्यालयात गेली. ह्यात शोक करण्यासारखे काय? माझ्या आजोबांनी स्वतः आपल्या मुलांना वाकसाला हात लावू दिला नाही. ह्या कसबाने पोट भरत नाही, हे त्यांना आत्र्यांचा ग्रंथ न वाचताच माहीत होते. त्यांच्या निर्णयामुळेच आज मी हे लिहू शकते. तेव्हा हातरंधा परत यावा, असा माझा मुद्दा नाही.

इंग्रजी समीक्षेत हा वाद पूर्वीच झालेला आहे. सरे परगण्यातील फार्नहॅम येथे शिक्षक असलेल्या जॉर्ज स्टर्ट यांनी 1884 मध्ये वडिलार्जित चाके-गाड्यांचा कारखाना हाती घेतला आणि 1923 मध्ये ‘द व्हीलराइट्स शॉप’ हे पुस्तक लिहिले. एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी 1933 मध्ये त्या पुस्तकाच्या आधारे हरवलेल्या सेंद्रिय समाजाचे चित्र उभे केले. रेमंड विल्यम्स यांनी पुढे त्या स्मरणरंजनावर कठोर टीका केली. वादात विल्यम्स यांची बाजू मला पटते. पण वादाच्या धुरळ्यात स्टर्ट यांचे पुस्तक हरवू नये. एका शिक्षित मालकाने, आपल्याच नोकरांना जे येते ते आपल्याला येत नाही, हे त्यात पानोपानी कबूल केले आहे. अशी कबुली देणारे पुस्तक मराठीत माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्याकडे कारागिरावर लिहिणारा एकतर त्याचा हिशेब तपासतो किंवा त्याला वंदन करतो.

धोरणांची भाषाही याच दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. 1937 च्या वर्धा योजनेत हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. स्वातंत्र्यानंतर तो ‘कार्यानुभव’ नावाच्या एका तासिकेपर्यंत आक्रसला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना सुतारकामासारख्या व्यवसायांची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना, अशी तरतूद आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारासह 18 व्यवसाय आहेत आणि हत्यारसंचासाठी 15,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. अनुदान आवश्यकच आहे. चांगले पोलाद महाग असते. पण योजनेच्या कागदावर हत्यार म्हणजे मिळावयाची वस्तू, आणि धोरणाच्या कागदावर सुतारकाम म्हणजे दहा दिवसांतील एक गंमत. ह्या दोन्ही कागदांवर भाष्य करण्याची पात्रता मराठीच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या अध्यापकांकडे असावयास हवी होती. ती आपल्याकडे नाही, कारण पटाशी आणि किकरे यांतील फरक आपल्याला सांगता येत नाही. (पटाशी रुंद व पातळ, लाकूड सपाट छिलण्यासाठी, किकरे अरुंद व जाड, ठोके सोसून भोक पाडण्यासाठी. हा फरकही मला त्याच सुतारकाकांनी सांगितला.)

गेल्या वर्षी शब्दसंपत्तीच्या तासिकेला मी आजोबांचा वाकस वर्गात नेला. पाते गंजलेले आहे. बाभळीचा दांडा शाबूत आहे आणि त्यावर अंगठ्याचा खळगा आहे, वासिजटातल्यासारखाच. विद्यार्थ्यांनी तो हातोहाती फिरविला. प्रत्येकाने मूठ धरून पाहिली आणि प्रत्येकाला ती अवघडल्यासारखी वाटली. अंगठा खळग्यात बसेना. एका मुलीच्या हातात मात्र तो अलगद बसला. ती डावखुरी आहे. तिने दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘मॅम, हा डाव्या हाताने चालवला आहे.’

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘हो गं, दादा डावखुरेच होते. जेवताना आजी हातावर मारायची म्हणून ते उजव्या हाताने जेवायचे. कामावर त्यांना कोण विचारणार!’